इसब पुन्हा पुन्हा उफाळू नये म्हणून : घरातल्या आणि शाळेतल्या रोजच्या सवयी



आजचा विषय अभ्यासक्रमातला नाही, पण आपल्या प्रत्येकाच्या वर्गात तो कुठेतरी बसलेला असतो. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. त्यात एक मुलगी सारखी कोपराची आतली बाजू आणि मान खाजवायची. मी दिवसातून दहा वेळा म्हणायचे, "हात खाली घे. खाजवू नकोस." ती हात खाली घ्यायची आणि पाच मिनिटांत पुन्हा तेच. एप्रिलच्या उन्हातही ती पूर्ण बाह्यांचा सदरा घालून यायची. मग एका पालकांनी सांगितलं, "बाई, आमच्या मुलीला तिच्याशेजारी बसवू नका, खरूज लागेल." मी फार विचार न करता तिला शेवटची, वेगळी बस्करपट्टी दिली. मला वाटलं, मी वर्गाची काळजी घेते आहे.

तिला खरूज नव्हती. तिला इसब होतं, ज्याला आपण आता सर्रास एक्झिमा म्हणतो. ते एकाचं दुसऱ्याला लागत नाही. ही गोष्ट मला तिच्या आईकडून कळली, तीही दोन महिन्यांनी. त्यानंतर मी त्वचारोगतज्ज्ञांशी बोलले, वाचलं, आणि एक गोष्ट लक्षात आली. "खाजवू नकोस" हे वाक्य इसबावर काहीच काम करत नाही. काम करतात त्या सवयी, आणि त्याही त्वचा बरी दिसत असतानाच्या दिवसांतल्या. या लेखात तेवढंच सांगायचं आहे, पण नीट सांगायचं आहे.

इसब म्हणजे नेमकं काय?

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ म्हणजे सिमेंट. ही भिंत दोन कामं करते : आतलं पाणी आत ठेवते आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू बाहेर ठेवते. इसब असलेल्या मुलांची ही भिंत जन्मतःच थोडी कच्ची असते. पाणी उडून जातं, त्वचा कोरडी पडते, बाहेरचे पदार्थ आत शिरतात आणि शरीराची संरक्षण यंत्रणा गरजेपेक्षा जास्त चिडते. त्यातून दाह आणि खाज.

२००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातील संशोधकांच्या गटाने दाखवून दिलं की, फिलाग्रिन नावाचं प्रथिन तयार करणाऱ्या जनुकात दोष असेल तर इसबाची शक्यता बरीच वाढते. हे प्रथिन त्या भिंतीच्या बांधकामात लागतं. इसबाच्या प्रत्येक रुग्णात हा दोष सापडतोच असं नाही, पण या शोधामुळे एक गैरसमज मोडला. इसब म्हणजे "रक्त खराब असणं" नव्हे आणि "आईने गरोदरपणात काहीतरी खाल्लं" हेही नव्हे. घरात कुणाला दमा, सर्दीची ॲलर्जी किंवा इसब असेल तर मुलाला ते होण्याची शक्यता जास्त असते, एवढंच.

आता खाजेचं चक्र समजून घ्या. त्वचा कोरडी पडते, म्हणून खाज येते. खाजवलं की भिंत आणखी तुटते. तुटली की दाह वाढतो आणि खाज दुप्पट होते. हे चक्र एकदा जोरात फिरायला लागलं की त्याला आपण "इसब उफाळलं" म्हणतो. सवयींचं काम हे चक्र सुरूच होऊ न देणं, किंवा सुरू झालं तर लवकर थांबवणं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. या सवयींनी इसब मुळातून जात नाही. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात १३९४ नवजात बाळं होती. निम्म्या बाळांना वर्षभर रोज मॉइश्चरायझर लावलं, तरीही इसब होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. पण ज्यांना इसब आधीच आहे, त्यांच्यात नियमित मॉइश्चरायझरमुळे उफाळण्याच्या वेळा कमी होतात, हे वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे इसब टाळणं आपल्या हातात फारसं नाही, त्याचं उफाळणं मात्र बऱ्याच अंशी आहे. बरीच मुलं मोठी होता होता यातून बाहेरही पडतात.

आधी ओळखूया : इसब, खरूज की गजकर्ण?

आपल्याकडे खाजणाऱ्या प्रत्येक गोष्टीला "खरूज" म्हणायची सवय आहे. त्यामुळे उपचार चुकतात आणि मुलं एकटी पडतात. हे तीन फरक लक्षात ठेवा.

१. इसब : तान्ह्या बाळाला बहुधा गालांवर, मोठ्या मुलांना कोपराच्या आत, गुडघ्याच्या मागे, मनगटावर, मानेवर. त्वचा कोरडी, खरखरीत. संसर्गजन्य नाही.

२. खरूज : बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, कमरेभोवती. रात्री खाज फार. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी खाज असते. सूक्ष्म किड्यामुळे होते, संसर्गजन्य आहे, आणि सगळ्या घराने एकाच वेळी उपचार घ्यावे लागतात.

३. गजकर्ण किंवा नायटा : गोल चकती, कडेला जास्त उठून दिसणारी, मध्ये थोडी साफ. बुरशीमुळे होते, संसर्गजन्य आहे.

हे फक्त अंदाजासाठी. खात्री डॉक्टरच करतील.

आणखी एक मुद्दा. पुस्तकांतल्या चित्रांत इसब लालभडक दिसतं, कारण ती चित्रं बहुतेक गोऱ्या त्वचेची असतात. आपल्या सावळ्या त्वचेवर ते लाल दिसेलच असं नाही. ते राखाडी, तपकिरी किंवा जांभळट दिसतं, कधी नुसते बारीक खरखरीत पुळ्यांसारखे दाणे असतात. बरं झाल्यावर तिथे काळपट किंवा फिकट डाग काही महिने राहतो. मुलांच्या गालावर फिकट पांढरे चट्टे दिसले की आपण लगेच "जंत झाले" किंवा "कॅल्शियम कमी आहे" म्हणतो. बहुतेक वेळा तोही कोरड्या त्वचेचा, इसबाच्याच जातीचा सौम्य प्रकार असतो. उन्हात आजूबाजूची त्वचा रापली की तो जास्त उठून दिसतो, इतकंच.

सकाळ : अंघोळीच्या सवयी

पाणी कोमट हवं. थंडीत कडकडीत पाण्याने बरं वाटतं, खाजही क्षणभर थांबते, पण त्वचेतली उरलीसुरली स्निग्धता धुऊन निघते आणि तासाभरात खाज दुप्पट होते. पाच ते दहा मिनिटांत अंघोळ उरका.

साबण कमी आणि सौम्य. आपला नेहमीचा साबण अल्कधर्मी असतो, त्याचा पीएच ९ ते १० च्या आसपास. त्वचा मात्र किंचित आम्लधर्मी असते, साधारण ५ च्या आसपास. म्हणून अशा मुलांना बिनवासाचा, कमी पीएचचा क्लीन्झर किंवा सिंडेट बार सुचवतात. तो परवडत नसेल तर साबण फक्त काखा, जांघा, पाय एवढ्यालाच लावा आणि बाकी अंग नुसत्या पाण्याने धुवा. घासणी, वज्री, दगड अजिबात नको. अंघोळीच्या पाण्यात अँटिसेप्टिक औषधाचे थेंब टाकायची सवय अनेक घरांत आहे. इसबाच्या त्वचेला ते झोंबतं आणि कोरडेपणा वाढतो.

दिवाळीत अभ्यंगस्नान असतंच. तेल जरूर लावा, पण त्या मुलाला खरखरीत, सुगंधी उटणं चोळू नका. परंपरा म्हणून तळहातावर चिमूटभर लावलं तरी सण साजरा होतो.

बोअरच्या जड पाण्याबद्दल पालक नेहमी विचारतात. जड पाण्यात साबणाचा अंश त्वचेवर जास्त राहतो हे खरं आहे. पण ब्रिटनमध्ये ३३६ मुलांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, घरात पाणी मृदू करणारं यंत्र बसवूनही इसबात फायदा दिसला नाही. म्हणजे त्यासाठी महागडं यंत्र घेण्याची घाई नको. साबण कमी वापरणं आणि नीट धुणं जास्त उपयोगाचं.

अंघोळीनंतरची तीन मिनिटं

माझ्या मते संपूर्ण लेखातली ही सर्वांत महत्त्वाची सवय. टॉवेलने अंग खसाखसा पुसू नका, टिपून घ्या. त्वचा किंचित ओलसर असतानाच, साधारण तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावा. त्यामुळे पाणी आत कोंडलं जातं. मुलाला शाळेचा उशीर होतोय, डबा भरायचाय, हे मला माहीत आहे. म्हणून बाटली न्हाणीघराच्या दारातच ठेवा. कपाटात ठेवलेली बाटली आठवणीत राहत नाही.

कसं लावायचं? केसांच्या दिशेने, वरून खाली, हलक्या हाताने. जोरात चोळून जिरवायची गरज नाही. डब्यात बोटं न बुडवता स्वच्छ चमच्याने काढा, म्हणजे उरलेल्या मलमात जंतू जात नाहीत.

किती लावायचं? इथे आपण हमखास चुकतो. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांत इसब असलेल्या मुलासाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मॉइश्चरायझर सांगितलं आहे. आपल्याकडे पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवतात आणि मग म्हणतात, "काही गुण आला नाही." इसब थोड्याच जागी असेल तर इतकं लागणार नाही, पण "खाजेल तिथे बोटभर" हे पुरेसं नाही. सगळ्या कोरड्या त्वचेला लावायचं, दिवसातून किमान दोनदा, आणि बरं वाटत असतानाही लावायचं.

महाग पडतं, हे खरं आहे. साधी बिनवासाची पेट्रोलियम जेली स्वस्त असते आणि चांगलं काम करते. खोबरेल तेलही अनेक मुलांना मानवतं. फिलिपिन्समधल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सौम्य ते मध्यम इसब असलेल्या मुलांना व्हर्जिन खोबरेल तेलाचा फायदा दिसला होता. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल मात्र टाळा, त्यांनी त्वचेची भिंत कमजोर होते असं आढळलं आहे. सुगंधी पावडर, सुगंधी लोशन दोन्ही नको. "नैसर्गिक", "आयुर्वेदिक" असं लिहिलेलं असलं तरी वास आणि घटक पाहूनच घ्या. कोणतीही नवी वस्तू आधी हातावर छोट्या जागी दोन-तीन दिवस लावून बघा.

एक धोक्याची सूचना : पेट्रोलियम जेली, पॅराफिन किंवा तेल कपड्यांत आणि चादरीत मुरतं, आणि असं कापड आगीजवळ पटकन पेट घेतं. धुतल्यावरही अंश उरतो. अशा मुलाला चूल, गॅस, समई, पणत्या, फटाके यांच्यापासून लांब ठेवा.

कपडे आणि अंथरूण

सुती, सैल, मऊ कपडे. स्वेटर थेट अंगावर नको, आत पूर्ण बाह्यांचा सुती सदरा हवा. कॉलरच्या आतलं लेबल काढून टाका, मानेवरची अर्धी खाज तिथूनच सुरू होते. नवा गणवेश एकदा धुऊन मगच घाला. कपडे धुताना पावडर बेताची आणि एक खळबळणं जास्त.

गोधडी मायेची असते, पण उकडलं की खाज वाढते. घोंगडी टोचते. पांघरूण हलकं ठेवा, आणि घोंगडी घ्यायचीच असेल तर मध्ये जुनी सुती साडी किंवा चादर घाला. चादरी आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुवा आणि उन्हात वाळवा.

रात्र : झोप वाचवणं

इसबाची खाज रात्री वाढते. मूल झोपेत खाजवतं, दचकून उठतं, घरचेही जागे राहतात. सकाळी ते मूल वर्गात पेंगतं आणि आपण वहीत शेरा लिहितो, "लक्ष नसते." असे शेरे मीही लिहिले आहेत.

दर रविवारी नखं कापा आणि कडा घासून गुळगुळीत करा. झोपण्याआधी पुन्हा मॉइश्चरायझर. लहान बाळाला सुती हातमोजे. खाज आलीच तर ओला, गार, स्वच्छ रुमाल त्या जागी ठेवा.

मोठ्या मुलांना एक पर्याय शिकवता येतो. खाज आली की दोन्ही मुठी आवळायच्या आणि मनात तीसपर्यंत मोजायचं. तरीही खाज राहिली तर त्या जागी तळहात दाबून धरायचा. सवय बदलण्याच्या उपचारात हीच पद्धत वापरतात. "खाजवू नकोस" म्हटल्यावर मुलाने हातांचं करायचं काय, हा प्रश्न उरतो. इथे त्याला उत्तर मिळतं.

शाळेत आपण काय करू शकतो?

शिक्षक मित्रांनो, यातल्या कोणत्याच गोष्टीला खर्च नाही.

• घाम हे इसब उफाळण्याचं मोठं कारण आहे. खेळाच्या तासाला त्या मुलाला वगळू नका. तास संपल्यावर हात, मान, कोपर साध्या पाण्याने धुऊन टिपायला पाच मिनिटं द्या.

• मांडी घालून बराच वेळ बसलं की गुडघ्यामागे घाम साचतो आणि खाज सुटते. मध्ये मध्ये पाय पसरून बसायची मुभा द्या. बसायला बस्करपट्टीवर एखादा सुती कपडा चालू द्या.

• फळ्याजवळ, खडूच्या भुकटीत आणि थेट उन्हाच्या खिडकीशी बसवू नका. पंख्याजवळ बसवा. डस्टर झटकायचं काम दुसऱ्याला द्या.

• पोषण आहाराआधी हात धुणं आवश्यकच आहे. पण धुतल्यावर हात टिपून थोडं मलम लावू द्या. भेगा पडलेल्या हातांना सॅनिटायझर फार झोंबतो, अशा मुलाला पाणी आणि सौम्य साबण द्या.

• दप्तरात मलमाची छोटी डबी असू द्या. लावायला आडोसा लागला तर मुलाला विचारण्याची वेळ येऊ देऊ नका. आधीच ठरवून ठेवा.

• रंगपंचमीचे रंग, चिकणमाती, कार्यानुभवातले रंग यांच्याआधी मलमाचा थर, आणि नंतर लगेच धुणं.

• पावसाळ्यात ओले मोजे, ओला गणवेश अंगावर वाळू देऊ नका. एक कोरडा जोड शाळेत ठेवायला सांगा.

खाण्याबद्दल थोडं

इसब म्हटलं की घरात पहिलं बंद होतं ते वांगं. मग दही, अंडी, मासे, शेंगदाणे, आंबट, कधी कधी दूधसुद्धा. अंग खाजतच राहतं आणि मूल वाळत जातं. खरी गोष्ट अशी की बहुतेक मुलांचं इसब एखाद्या पदार्थामुळे उफाळत नाही. काही लहान मुलांना, विशेषतः इसब तीव्र असेल तर, अन्नाची ॲलर्जी असू शकते. एखादा पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांध्या उठणं, ओठ सुजणं, उलट्या होणं, ही तिची खूण. असं झालं तर तो पदार्थ थांबवून डॉक्टरांना दाखवा. श्वास घ्यायला त्रास झाला तर वाट न पाहता रुग्णालयात न्या. पण अंदाजाने पाच-सहा पदार्थ बंद करू नका. वाढत्या वयात त्याची किंमत मोठी असते.

मलम : भीती नको, मनमानीही नको

इथे दोन टोकं दिसतात. एक, मेडिकलच्या दुकानातून "खाजेचं मलम द्या" म्हणून आणलेली ट्यूब. त्यात अनेकदा तीव्र स्टिरॉइड, बुरशीचं आणि जंतूंचं औषध असं सगळं एकत्र असतं. पहिले चार दिवस जादू वाटते. मग त्वचा पातळ होते, आणि मुळात गजकर्ण असेल तर ते आतून पसरत जातं. सरकारने २०१८ मध्ये बरीच स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न देण्याच्या यादीत घातली, ती याच कारणाने. नाव ओळखीचं आहे म्हणून शेजारच्या मुलाची ट्यूब आपल्या मुलाला लावू नका.

दुसरं टोक म्हणजे भीती. डॉक्टरांनी इसबासाठी योग्य ताकदीचं स्टिरॉइड, ठरावीक दिवसांसाठी दिलेलं असतं, आणि पालक "स्टिरॉइड आहे" म्हणून लावतच नाहीत किंवा टिकलीएवढं लावतात. दाह विझत नाही, चक्र चालूच राहतं. सांगितलेल्या पद्धतीने वापरलेलं मलम सुरक्षित असतं. मापही सोपं आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला ती पुरते. मॉइश्चरायझर आणि औषध एकत्र कालवू नका, दोन्हींमध्ये थोडा वेळ जाऊ द्या. ज्यांचं इसब वारंवार उफाळतं त्यांना डॉक्टर कधी कधी बरं असतानाही आठवड्यातून दोन दिवस मलम लावायला सांगतात. ते मात्र त्यांनीच ठरवायचं.

हळद, लिंबू, कडुनिंबाचा पाला वाटून लावणं, लसणाचा रस यांबद्दल एकच सांगते : तुटलेल्या त्वचेवर असलं काही घासू नका. भाजल्यासारखी जखम होऊ शकते.

लगेच डॉक्टरांकडे कधी जायचं?

• पिवळसर खपली धरली, पू किंवा पाणी येऊ लागलं, त्वचा गरम आणि दुखरी झाली.
• इसबाच्या जागी अचानक एकसारखे, बारीक, दुखरे फोड आले किंवा टोचल्यासारख्या खोलगट जखमा दिसू लागल्या आणि ताप आला. हा नागिणीच्या जातीच्या विषाणूचा संसर्ग असू शकतो. यात त्याच दिवशी दाखवा, डोळ्याजवळ असेल तर तासाचाही उशीर नको.
• मूल रात्रीमागून रात्री झोपत नाही.
• आठवडा-दोन आठवडे नीट काळजी घेऊनही काहीच फरक नाही.

एक छोटी वही

पालकहो, महिनाभर एक वही ठेवा. रोज एकच ओळ : आज खाज किती, झोप कशी, वेगळं काय घडलं. नवा साबण, लग्नघर, परीक्षा, उन्हात क्रिकेट, धुळीची साफसफाई, ताप. प्रत्येक मुलाची कारणं वेगळी असतात. ती यादी कुठल्याही लेखात मिळणार नाही, तुमच्याच वहीत मिळेल. डॉक्टरांनाही तिचा उपयोग होतो. मूल मोठं असेल तर ही ओळ त्यालाच लिहू द्या.

वर्गात सांगण्यासाठी

शिक्षकांना हवं असेल तर हा परिच्छेद वर्गात जसाच्या तसा सांगता येईल. कोणाचंही नाव न घेता :

"मुलांनो, काही जणांची त्वचा लवकर कोरडी पडते आणि तिला खूप खाज येते. त्याला इसब म्हणतात. ते हात धरल्याने, डबा वाटून खाल्ल्याने, शेजारी बसल्याने कुणाला लागत नाही. ते अस्वच्छतेमुळेही होत नाही. कुणी खाजवत असेल तर त्याला चिडवायचं नाही. त्याला पाणी लागलं, मलम लावायचं असलं, तर आपण वाट करून द्यायची."

मी हे माझ्या वर्गात सांगितलं, पण उशिरा सांगितलं. त्याआधी त्या मुलीला तिच्या जुन्या जागी परत बसवलं आणि ज्या पालकांनी तक्रार केली होती त्यांना बोलावून समजावलं. पहिल्या दिवशी शेजारची मुलगी थोडी सरकूनच बसली. आठवड्याभराने दोघी एका डब्यात जेवत होत्या. तिचं इसब गेलं नाही. त्या वर्षात ते आणखी दोनदा उफाळलं, एकदा थंडीत आणि एकदा वार्षिक परीक्षेच्या आसपास. पण आईने अंघोळीनंतरचं मलम चुकवलं नाही आणि मी "हात खाली" म्हणणं सोडलं. तिने खाजवायला हात उचलला की मी फक्त मूठ आवळून दाखवायचे. ती हसायची आणि मोजायला लागायची.

उद्या वर्गात गेल्यावर कुणी सारखं खाजवताना दिसलं, तर ओरडण्याआधी एकदा जवळ जाऊन बघा. घरी विचारा. आणि त्या मुलाची जागा बदलायचीच असेल, तर पंख्याजवळ बदला.